सुरक्षित जोडणीतील दोष कसा शोधावा

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा हे तालुक्याचे ठिकाण. कापूस, तूर व सोयाबीन पिकविणाऱ्या या तालुक्यातील ग्रामस्थाचा शासनाशी येणारा संबंध गेल्या काही वर्षांत पुष्कळसा संगणकाच्या मार्गाने येऊ लागला आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. ग्रामपंचायतींचे नियोजन व हिशेब यांसाठी २४ एप्रिल २०२० रोजी ‘ई-ग्रामस्वराज’ ही प्रणाली सुरू झाली. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यातील शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतःच्या मोबाइलवरून ‘ई-पीक पाहणी’द्वारे करू लागला. याखेरीज शाळा, पंचायत समिती आणि लहानमोठ्या संस्था आपापल्या गरजेपुरती सॉफ्टवेअरे स्थानिक तरुणांकडून तयार करवून घेत असतात.

या सर्व व्यवहारांचा पाया एकच आहे. तो म्हणजे हातातील मोबाइल आणि दूरचा सर्व्हर यांच्यामधील कूटबद्ध जोडणी, म्हणजेच वाटेत तिसऱ्या कोणास वाचता अथवा बदलता येणार नाही अशी जोडणी. ती जुळते तोवर तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती जुळली नाही की पडद्यावर लाल अक्षरांत इशारा येतो, काम थांबते, रांग वाढते आणि ‘हे एकदाचे चालू करा’ असा धोशा सुरू होतो. अशा वेळी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्याने काय करावे आणि ते तयार करवून घेणाऱ्या कार्यालयाने त्याला काय विचारावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सीलबंद पाकिटाचा दाखला

शाळांतील परीक्षांची पद्धत शिक्षकांच्या चांगल्या परिचयाची आहे. प्रश्नपत्रिकांचे पाकीट परिरक्षकाकडून परीक्षा केंद्रावर येते. केंद्रसंचालक ते हाती पडताच फोडत नाहीत. पाकिटावर विषय कोणता आहे, तारीख आजचीच आहे काय आणि सील अभंग असून ते मंडळाचेच आहे काय, या तीन गोष्टी पाहिल्या जातात व मगच साक्षीदारांसमक्ष पाकीट उघडले जाते. यांतील एक गोष्ट जरी जुळली नाही, तरी ‘मुले खोळंबली आहेत’ या सबबीवर कोणी ते पाकीट फोडीत नाही.

सुरक्षित जोडणीत हेच घडते, फक्त ते सेकंदाच्या अंशात घडते. मोबाइल सर्व्हरला हाक देतो व आपणास कोणकोणत्या पद्धतीने कूटभाषेत बोलता येते ते सांगतो. सर्व्हर त्यांपैकी एक पद्धत निवडतो आणि आपले प्रमाणपत्र पुढे ठेवतो. मोबाइल त्या प्रमाणपत्रावरील नाव, मुदत आणि प्रमाणपत्र देणाऱ्याची स्वाक्षरी तपासतो. त्याच वेळी दोन्ही पक्ष काही संख्यांची देवघेव करून त्या भेटीपुरती एक गुप्त किल्ली ठरवितात. ही देवघेव आपणच करीत आहोत, हे सर्व्हर स्वतःजवळील खाजगी किल्लीने स्वाक्षरी करून सिद्ध करतो. त्यानंतरचे सर्व संभाषण या तात्पुरत्या किल्लीने कुलूपबंद होते.

या व्यवस्थेची तीन कामे आहेत : मजकूर गुप्त ठेवणे, तो वाटेत बदलला जाऊ न देणे आणि समोरचा सर्व्हर खरोखर तोच आहे याची खात्री करणे. तिसऱ्या कामाचे महत्त्व अनेकदा ध्यानात येत नाही. ओळख पटविल्याशिवाय केलेले कूटलेखन म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती स्वतःहून दिलेले सीलबंद पाकीट. वाटेत ते कोणी वाचणार नाही हे खरे, परंतु ते पोचेल मात्र चोराच्याच घरी.

या पद्धतीचा प्रारंभ १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीने प्रसृत केलेल्या ‘एसएसएल’ या संकेतप्रणालीने झाला. १९९९ मध्ये तिचे ‘टीएलएस’ असे नामांतर होऊन ती सार्वजनिक मानक बनली. २००८ मध्ये तिची १.२ ही आणि ऑगस्ट २०१८ मध्ये १.३ ही आवृत्ती आली. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या आरंभी दिसणारी ‘एचटीटीपीएस’ ही अक्षरे म्हणजे या संरक्षणाचीच खूण होय.

विश्वासाची उतरंड

प्रमाणपत्र खरे की खोटे, हे मोबाइलला कसे कळते? याचे उत्तर शासकीय कामकाजाच्या परिपाठात सापडते. एखाद्या दाखल्यावरील सही आपण स्वतः ओळखत नसलो, तरी सही करणाऱ्यास तो अधिकार कोणी दिला ते आपण पाहतो आणि त्या वरिष्ठास ओळखत असल्यास दाखला ग्राह्य धरतो. संगणकातही अशीच उतरंड असते. सर्वांत वर ‘मूळ प्रमाणपत्र’, त्याखाली एक वा अधिक ‘मध्यस्थ प्रमाणपत्रे’ आणि शेवटी संकेतस्थळाचे स्वतःचे प्रमाणपत्र. प्रत्येक वरचा खालच्यावर स्वाक्षरी करतो. मूळ प्रमाणपत्रांची यादी मोबाइल, संगणक अथवा ब्राउझर तयार करणाऱ्या कंपनीने आधीच त्यात साठविलेली असते. दाखविलेली साखळी या यादीतील एखाद्या नावापर्यंत अखंड पोचली, तरच विश्वास ठेवला जातो.

ही यादी सर्व उपकरणांत सारखी नसते, ही गोष्ट दोष शोधणाऱ्याने सदैव स्मरणात ठेवावी. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० रोजी अंमलात आला आणि त्यानुसार प्रमाणन प्राधिकाऱ्यांवर देखरेख करणारे नियंत्रक नेमले गेले. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या मध्यस्थ प्रमाणपत्रांवरून गुगलच्या काही नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे गुगल कंपनीस २ तारखेला आढळून आले. नियंत्रकांनी दुसऱ्याच दिवशी ती सर्व मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द केली. पुढे क्रोम या ब्राउझरने भारतीय मूळ प्रमाणपत्रावरील आपला विश्वास ठराविक नावांपुरता मर्यादित केला. विशेष म्हणजे हे मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते, परंतु फायरफॉक्स या ब्राउझरच्या यादीत नव्हते. एकच प्रमाणपत्र एका ब्राउझरला मान्य व दुसऱ्यास अमान्य, अशी स्थिती त्या काळी प्रत्यक्षात होती. ‘माझ्याकडे तर उघडते’ या वाक्याने दोष नाही असे सिद्ध होत नाही, ते यामुळेच.

पाणीपट्टीचे उदाहरण

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. दारव्हा तालुक्यातील एका ग्रामपंचायतीने पाणीपट्टी व घरपट्टीच्या वसुलीसाठी एक मोबाइल ॲप तयार करवून घ्यावयाचे ठरविले. नमुना क्रमांक ९ मधील मागणी ॲपमध्ये दिसावी, शिपायाने घरोघरी जाऊन रक्कम घ्यावी आणि नमुना क्रमांक १० ची पावती तेथेच निघावी, अशी योजना होती. काम गावातीलच एका पदवीधर तरुणाकडे सोपविले. मार्च महिना उजाडला, वसुलीचा जोर वाढला आणि चाचणीच्या दिवशी ॲप सर्व्हरला जोडलेच गेले नाही. गंमत अशी की, तोच पत्ता तरुणाच्या संगणकावरील ब्राउझरमध्ये बिनतक्रार उघडत होता.

तरुणाने शोधाशोध केली. प्रमाणपत्राची पडताळणी बंद करणारी एक ओळ त्याला कोठेतरी सापडली. ती ओळ घालताच ॲप सुरू झाले. सरपंच संतुष्ट झाले, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ‘नंतर काढून टाकू’ असे तरुणाने मनाशी ठरविले.

येथेच खरा धोका उत्पन्न झाला. आता ते ॲप कोणीही पुढे केलेले, कोणत्याही नावाचे प्रमाणपत्र खरे मानणार. बसस्थानकावरील फुकटच्या वाय-फायमागे कोणी लबाड बसला असेल, तर तो स्वतःलाच ग्रामपंचायतीचा सर्व्हर म्हणून सादर करू शकेल. शिपायाचा परवलीचा शब्द, खातेदारांची नावे, मोबाइल क्रमांक व थकबाकी त्याच्या हाती जाईल. एवढेच नव्हे, तर त्या परवलीच्या शब्दाने तो भरलेली रक्कम न भरलेली दाखवू शकेल. पावती हातात असलेल्या गरीब खातेदाराच्या दारी दुसऱ्यांदा मागणी जाईल आणि दोष मात्र शिपायावर येईल. यातील कोणतीही खूण पडद्यावर दिसणार नाही, कारण इशारा देणारा पहारेकरीच घरी पाठविलेला असतो.

ही भीती अवास्तव नाही. जर्मनीतील हॅनोव्हर व मारबुर्ग येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१२ मध्ये १३,५०० मोफत अँड्रॉइड ॲप्स तपासली. त्यांपैकी १,०७४ ॲप्समध्ये, म्हणजे शेकडा ८ मध्ये, पडताळणीचा भाग अशा मध्यस्थ चोरीस वाव देणारा आढळला. निवडक १०० ॲप्स त्यांनी प्रत्यक्ष हाताने तपासली, तेव्हा ४१ वर हल्ला यशस्वी झाला. मोठ्या कंपन्याही याला अपवाद नाहीत. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपल कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच ओळ चुकून दोनदा लिहिली गेल्याने सर्व्हरच्या स्वाक्षरीची तपासणी वगळली जात असल्याचे उघडकीस आले व तातडीने दुरुस्ती प्रसृत करावी लागली.

दोषांची सात ठिकाणे

मग त्या तरुणाने काय करावयास हवे होते? इशारा दडपण्याऐवजी त्याने तो अक्षरशः वाचावयास हवा होता. इशाऱ्याच्या शब्दांत बहुधा दोषाचे ठिकाण दडलेले असते. अनुभवास येणारे दोष पुढील सात ठिकाणी आढळतात आणि ते याच क्रमाने तपासणे सोयीचे ठरते.

(१) वाट. पहिला प्रश्न असा की, जोडणी कूटलेखनापर्यंत तरी पोचते काय? सर्व्हरचे नाव बरोबर पत्त्यात रूपांतरित होते काय, आणि त्याचे ४४३ क्रमांकाचे द्वार उघडे आहे काय, हे आधी पाहावे. वाटच बंद असेल, तर ‘वेळ संपली’ अथवा ‘जोडणी नाकारली’ अशी सूचना येते. तेथे प्रमाणपत्राचा काडीचाही संबंध नसतो. ही तपासणी न करता प्रमाणपत्राच्या मागे लागल्याने कित्येक तास व्यर्थ जातात.

(२) घड्याळ. हा सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित दोष. संगणकाच्या आतील छोटा सेल संपला आणि वीज गेली की त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग आज दिलेले प्रमाणपत्र त्या संगणकास ‘अद्याप सुरू न झालेले’ वाटते. एकाच कार्यालयातील एका संगणकावर सर्व सुरक्षित संकेतस्थळे अडत असतील, तर प्रथम तारीख पाहावी. घड्याळाचे काटे बरोबर दिसत असूनही कालविभाग चुकीचा निवडलेला असू शकतो. प्रमाणपत्रावरील वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते व भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. त्यामुळे नुकतेच मिळालेले प्रमाणपत्र काही तास अमान्य ठरल्याचे दिसते व नंतर ते आपोआप चालू लागते.

(३) नाव. प्रमाणपत्र ठराविक नावासाठी असते. चाचणीच्या वेळी सर्व्हरला नावाऐवजी अंकी पत्त्याने हाक मारली, किंवा नावापुढील ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ गाळले, तर नाव जुळत नाही. एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे नांदत असल्यास आणि हाक देणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरने आपणास कोणते हवे ते सांगितले नाही, तर सर्व्हर भलतेच प्रमाणपत्र पुढे करतो. यावर उपाय म्हणजे योग्य नावाने हाक मारणे, किंवा सर्व आवश्यक नावांचा समावेश असलेले प्रमाणपत्र घेणे.

(४) मुदत. प्रमाणपत्राची मुदत संपणे हा दोष कार्यालयीन विस्मरणाचा आहे. सप्टेंबर २०२० पासून अशा प्रमाणपत्राची कमाल मुदत ३९८ दिवस झाली. प्रमाणन प्राधिकारी व ब्राउझर कंपन्या यांच्या संयुक्त मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ती टप्प्याटप्प्याने आणखी घटविण्याचे ठरविले. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस, असे ते टप्पे आहेत. इतक्या वेळा नूतनीकरण माणसाने आठवणीने करणे शक्य नाही. सबब ते आपोआप होण्याची व्यवस्था आणि ती बिघडल्यास सूचना मिळण्याची सोय ही सॉफ्टवेअरचा भाग म्हणूनच मागून घ्यावी.

(५) साखळी. आपल्या उदाहरणातील दोष नेमका हाच होता. सर्व्हरवर संकेतस्थळाचे प्रमाणपत्र बसविले होते, परंतु त्याच्यावरील मध्यस्थ प्रमाणपत्र बसवावयाचे राहून गेले होते. संगणकावरील ब्राउझर अशी गाळलेली कडी बहुधा स्वतःच शोधून आणतो, किंवा पूर्वी अन्यत्र पाहिलेली कडी वापरतो. मोबाइल ॲपमध्ये ही सोय सहसा नसते. म्हणून एकीकडे सर्व सुरळीत आणि दुसरीकडे सर्व ठप्प. उपाय पाच मिनिटांचा : प्रमाणन प्राधिकाऱ्याने दिलेली पूर्ण साखळी सर्व्हरवर ठेवणे. पडताळणी बंद करणारी ओळ शोधण्यास तरुणास याहून अधिक वेळ लागला होता.

(६) वय. जुने उपकरण किंवा जुने सॉफ्टवेअर नव्या जगाशी बोलू शकत नाही. टीएलएसच्या १.० व १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये मानकांतून अधिकृतपणे निवृत्त झाल्या. विंडोज ७ मध्ये १.२ आवृत्तीची सोय असली, तरी कित्येक कार्यक्रमांसाठी ती मुळात चालू नसे. मूळ प्रमाणपत्रांचेही वय होते. ‘लेट्स एनक्रिप्ट’ या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेची पत्रे ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारावर जगभर मान्य होत होती, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली. विश्वासाचा दुसरा वैध मार्ग उपलब्ध असतानाही ‘ओपनएसएसएल’ या सॉफ्टवेअरची १.०.२ ही जुनी आवृत्ती संपलेल्या मार्गावरच अडकून राहिली व निर्दोष संकेतस्थळे नाकारू लागली. येथे सर्व्हरवरील प्रमाणपत्रात दोष नव्हता. दोष पाहणाऱ्याच्या जुन्या चष्म्यात होता.

(७) मध्यस्थ. काही कार्यालयांतील संरक्षक यंत्रणा आणि काही विषाणूरोधक सॉफ्टवेअरे सुरक्षित जोडणी मध्येच उघडून तपासतात व पुढे आपले स्वतःचे प्रमाणपत्र दाखवितात. कार्यालयात अडणारी गोष्ट मोबाइलच्या इंटरनेटवर चालत असेल, तर संशय येथे घ्यावा. प्रमाणपत्र कोणी दिले, हे नाव वाचताच उलगडा होतो. ते नाव कार्यालयाच्या यंत्रणेचे असल्यास संबंधित विभागाशी बोलावे. ते नाव अनोळखी असल्यास काम थांबवावे. कारण याच ठिकाणी खरा चोरही उभा असू शकतो. पडताळणी ज्या प्रसंगासाठी निर्माण झाली, तो प्रसंग हाच.

विकासकाळातील योग्य सोय

येथे एक रास्त आक्षेप येईल. सॉफ्टवेअर तयार होत असताना सर्व्हर विकासकाच्या स्वतःच्या टेबलावरच असतो. त्याला सार्वजनिक प्रमाणपत्र मिळणे अवघड असते. मग त्याने पडताळणी बंद करू नये, तर काय करावे?

उत्तर असे की, त्याने परीक्षा रद्द न करता स्वतःचे लहानसे परीक्षा मंडळ स्थापन करावे. आपल्यापुरते एक मूळ प्रमाणपत्र तयार करावे, त्याच्या स्वाक्षरीने चाचणी सर्व्हरचे प्रमाणपत्र काढावे आणि ते मूळ प्रमाणपत्र फक्त आपल्या चाचणीच्या संगणकावर व मोबाइलवर विश्वासार्ह म्हणून नोंदवावे. ‘एमकेसर्ट’ यासारखी विनामूल्य साधने हे काम काही क्षणांत करतात. अँड्रॉइड ७.० पासून ॲप वापरकर्त्याने स्वतः घातलेल्या मूळ प्रमाणपत्रावर आपोआप विश्वास ठेवीत नाही. त्यासाठी केवळ चाचणीच्या आवृत्तीस लागू होणारी परवानगी ॲपच्या मांडणीत लिहिण्याची सोय आहे. ती परवानगी अंतिम आवृत्तीत आपोआप निष्फळ होते, हा तिचा मोठा गुण. ‘नंतर काढून टाकू’ या माणसाच्या वचनावर येथे काहीच अवलंबून राहत नाही. अशा मंडळाची खाजगी किल्ली मात्र कोणास देऊ नये आणि कार्यक्रमाच्या संचिकांबरोबर बाहेर जाऊ देऊ नये.

तपासणीसाठी वर उल्लेखिलेले ‘ओपनएसएसएल’ हेच साधन उपयोगी पडते. त्याच्या साहाय्याने सर्व्हरने प्रत्यक्षात कोणकोणती प्रमाणपत्रे पाठविली, त्यांवरील नावे व मुदती कोणत्या, टीएलएसची कोणती आवृत्ती ठरली आणि साखळी कोठे तुटली, हे एका आज्ञेत दिसते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व प्रत्येक वेळी निष्कर्ष लिहून ठेवावा. दोन गोष्टी एकदम बदलून जोडणी सुरू झाली, तर कोणत्या गोष्टीने सुरू झाली हे कळत नाही आणि तोच दोष पुन्हा परत येतो.

कार्यालये व पंचायती यांनी काय करावे

हे काम तंत्रज्ञाचे आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे अधिकाऱ्यांनी वा पंचायत सदस्यांनी समजू नये. इमारतीचे बांधकाम स्वीकारताना सिमेंटचे रसायनशास्त्र कोणी शिकत नाही. तरीही ओलाव्याचे डाग पाहिले जातातच. त्याप्रमाणे सॉफ्टवेअर स्वीकारताना पुढील गोष्टींचा आग्रह धरावा.

पहिली गोष्ट तक्रारीच्या नोंदीची. ‘साइट चालत नाही’ एवढ्या वाक्यावरून कोणासही दोष शोधता येत नाही. इशाऱ्याचे संपूर्ण शब्द अथवा पडद्याचे छायाचित्र, दिनांक व वेळ, उपकरणाचे नाव व आवृत्ती, आणि त्या वेळी वापरलेले इंटरनेट कार्यालयाचे की मोबाइलचे, हे चार तपशील लिहावेत. दुसऱ्या उपकरणावर व दुसऱ्या इंटरनेटवर तेच घडते काय, हेही पाहून नोंदवावे. हे सहा तपशील मिळाल्यास वरील सातांपैकी बहुतेक ठिकाणे तंत्रज्ञास जागेवर न येताही वगळता येतात. छायाचित्र पाठविताना त्यात कोणाचा आधार क्रमांक अथवा परवलीचा शब्द दिसत नाही, एवढी खबरदारी घ्यावी.

दुसरी गोष्ट स्वीकृतीच्या चाचणीची. सॉफ्टवेअर चालते हे पाहण्याबरोबरच, ते जेथे अडावयास हवे तेथे अडते काय, हेही पाहावे. विकासकास आपल्यासमोर सर्व्हरवर मुद्दाम चुकीच्या नावाचे अथवा मुदत संपलेले प्रमाणपत्र लावण्यास सांगावे. ॲपने तेव्हा जोडणी नाकारली पाहिजे. न अडता ते पुढे गेले, तर पडताळणी बंद आहे असे खात्रीने समजावे व देयक अदा करण्यापूर्वी दुरुस्ती करवून घ्यावी. या चाचणीस पाच-दहा मिनिटे लागतात आणि ती पाहण्यासाठी तांत्रिक ज्ञान लागत नाही. करारपत्रात तशी एक अट घालणे उचित होय.

तिसरी गोष्ट घाईची. पुष्कळदा विकासक चुकीचा मार्ग धरतो तो आळसाने नव्हे, तर वरून येणाऱ्या दडपणाने. ३१ मार्च जवळ आला की ‘काहीही करा, पण चालू करा’ असे शब्द कार्यालयातूनच निघतात. त्याऐवजी ‘दोष सातांपैकी कोणत्या ठिकाणी आहे, ते सांगा’ असे विचारले, तर कामाची दिशाच बदलते. तेवढा दिवस जुन्या पावतीपुस्तकावर वसुली करता येते. उघड्या पडलेल्या याद्या मात्र परत झाकता येत नाहीत.

शिक्षकांवर याहून थोडी वेगळी जबाबदारी आहे. संगणक शिकणारी मुलेमुली उद्या अशी सॉफ्टवेअरे लिहिणार आहेत. इशारा आला की ‘पुढे जा’ हे बटण कोठे आहे ते त्यांना कोणीही मित्र दाखवितो. इशारा वाचून त्यातील नाव, मुदत आणि देणारा ओळखण्याचा अभ्यास मात्र शाळेतच होऊ शकतो. कोणत्याही सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र ब्राउझरमध्ये उघडून पाहता येते. फळ्यावर तीन रकाने आखून दहा संकेतस्थळांची ही माहिती मुलांकडून भरून घेतली, तरी एका तासिकेचा उत्तम पाठ होईल.

उदाहरणातील ग्रामपंचायतीकडे परत येऊ. सर्व्हरवर मध्यस्थ प्रमाणपत्र बसविले, ॲपमधील ती ओळ काढून टाकली आणि चुकीच्या प्रमाणपत्रासह चाचणी घेतली. ॲप अडले. योग्य प्रमाणपत्र लावताच ते जोडले गेले. चार दिवसांनी कार्यालयातील जुन्या संगणकावर पुन्हा तसाच इशारा आला, तेव्हा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी कोणास दूरध्वनी करण्यापूर्वी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहिली. ती कित्येक वर्षे मागची होती. बाजारातून नवा सेल आणविला, तारीख दुरुस्त केली आणि वसुलीचे काम पुढे सुरू झाले.